भरपूर पाणी घालून

१४ ऑगस्ट २०२१ रोजी दक्षिण स्पेनमध्ये, अंदालुसियातल्या कोर्दोबा प्रांतात, ला रांब्ला नावाच्या गावात पारा ४७.६ अंशांवर गेला. स्पेनच्या हवामान खात्याच्या दप्तरी तो उच्चांक ठरला. मुंबईकराला हा आकडा वाचूनच घाम फुटेल. अकोलेकर मात्र विचारेल, बरं, मग? अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो यात कुणालाच नवल वाटत नाही. मे २०२४ मधल्या लाटेत तर जिल्हा प्रशासनाला चक्क कलम १४४ लावावं लागलं: कामगारांना पाणी आणि पंखे द्या, शिकवण्या भर दुपारी घेऊ नका. जमावबंदीचं कलम उन्हाला लावण्याची वेळ आली.

अंदालुसियाची आग जुलै-ऑगस्टमधली, वऱ्हाडाची एप्रिल-मेमधली. पण तऱ्हा सारखीच. हवा कोरडी, दुपारी रस्ते ओस, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, आणि माणसं बाहेर पडणार ती दिवस कलल्यावर. पाणी गार करायला तिकडे बोतीहो नावाचं तोटीचं मातीचं भांडं, इकडे माठ. दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं. सच्छिद्र मातीतून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणूनच कूलर अकोल्यात खोली गार करतो आणि मुंबईत नुसती दमट करतो.

फरक मोठा आहे तो पुढच्या गोष्टीत. अशा उन्हाळ्यात चार माणसं अंगणात जमली की अंदालुसियात टेबलावर वाइन येते. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं येतं, अक्षय्य तृतीयेला चिंचोणी येते, एरवी मठ्ठा आणि लिंबाचं सरबत. अलीकडे अमरावती-अकोल्याच्या काही घरांत, मुलं पुण्याहून किंवा परदेशातून सुट्टीला आली की गच्चीवरच्या बैठकीत वाइनची बाटलीही निघते. आणि मग ४२ अंशांच्या संध्याकाळी जड, कोमट रेड वाइनचा पहिला घोट घेऊन सगळे एकमेकांकडे पाहतात. यात काहीतरी चुकतंय हे सगळ्यांना कळतं, बोलत कुणी नाही.

काय चुकतंय ते आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सांगून ठेवलं आहे. सातव्या शतकाच्या आसपासच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानातल्या ऋतुचर्येच्या अध्यायात, ग्रीष्मात मद्याचं काय करावं याचं उत्तर एका ओळीत मिळतं. पर्याय तीन: पिऊच नये; प्यायचंच तर थोडं प्यावं; किंवा त्यात भरपूर पाणी घालून प्यावं. हे पाळलं नाही तर अंग गळतं, आग होते, भान जातं, असंही पुढे बजावलं आहे. त्याआधीच्या चरकसंहितेतही सल्ला हाच. आयुर्वेदाचे दाखले देणारी मंडळी बहुधा पहिला पर्याय सांगून थांबतात. स्पॅनिश लोकांनी वाग्भट वाचला नव्हता, पण त्यांची बहुतेक उन्हाळी पेयं तिसऱ्या पर्यायावर उभी आहेत.

हिशेब करून पाहू. साध्या रेड वाइनमध्ये सुमारे १२.५ टक्के अल्कोहोल असतं. स्पेनमध्ये घरोघरी उन्हाळ्यात पितात ते ‘तिंतो दे वेरानो’, म्हणजे उन्हाळ्यातली रेड. अर्धी वाइन, अर्धा गोडसर सोडा, बर्फ, लिंबाची चकती. अल्कोहोल उरलं ६ टक्क्यांच्या आसपास. सेव्हिलच्या एप्रिल जत्रेत ‘रेबुहितो’ चालतं: मान्सानिया ही १५ टक्क्यांची कोरडी शेरी एक भाग, लिंबाच्या चवीचा सोडा दोन भाग, वर पुदिना. उरलं ५ टक्के. उत्तरेला बास्क मुलखात ‘कालिमोचो’: रेड वाइन आणि कोला, निम्मं निम्मं. पुन्हा ६. या शेवटच्या मिश्रणाला नाव पडलं १९७२ साली, आल्गोर्ता गावच्या उत्सवात. जाणकार नाक मुरडतात, पण मला त्यात वावगं दिसत नाही. वाइन सुमार असेल तर कोला तिच्यावर उपकारच करतो. तीन प्रांत, तीन चवी, आणि तिघंही बिअरच्या ताकदीपाशी येऊन थांबली. उकाड्यात तहान भागेल, गप्पा तासभर चालतील आणि जेवणाआधी कुणी आडवं होणार नाही, असा हा आकडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरला आहे.

तिंतो दे वेरानोचं श्रेय कोर्दोबातल्या फेदेरिको वार्गास या खानावळवाल्याला देतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने गिऱ्हाइकांना वाइनमध्ये सोडा घालून द्यायला सुरुवात केली म्हणे. कोर्दोबा, म्हणजे ला रांब्लाचाच प्रांत. अशी कल्पना थंड हवेच्या गावात कुणाला सुचली नसती.

जगाला मात्र ठाऊक आहे ती सांग्रिया. वाइनमध्ये संत्री, लिंबू, पीच किंवा सफरचंद, साखर, कधी थोडी ब्रँडी, आणि बर्फ. ती अमेरिकेत गाजली १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनामुळे, आणि मग पर्यटकांनी तिला स्पेनची ओळख करून टाकलं. खुद्द स्पेनमध्ये ती घरच्या मोठ्या बैठकीत मोठ्या भांड्यात होते. हॉटेलात बसलेला स्थानिक माणूस सहसा तिंतो दे वेरानोच मागवतो. नावाबद्दल मात्र युरोप जागरूक आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार बाटलीवर नुसतं ‘सांग्रिया’ लिहिण्याचा हक्क स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांना आहे, आणि तिच्यात अल्कोहोल ४.५ टक्क्यांहून कमी नको, १२ किंवा त्याहून जास्त नको. गच्चीवरच्या भांड्याला हा कायदा लागू नाही, एवढं बरं.

सांग्रियाचं एक श्रीमंत भावंडही आहे, आणि ते वरच्या हिशेबात बसत नाही. व्हॅलेन्सियातल्या काफे माद्रिदमध्ये १९५९ साली कोन्स्तांते हिल यांनी बनवलेलं ‘आग्वा दे व्हॅलेन्सिया’. नावात पाणी आहे, पेल्यात एक थेंबही नाही: फेसाळ कावा वाइन, संत्र्याचा रस, आणि त्यात जिन नि वोडका. चव निरागस आणि ताकद फसवी. मे महिन्यात वऱ्हाडात हे करू नये, इतकंच याबद्दल सांगेन.

पण संत्र्याचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबायला हवं. संत्रा म्हटलं की नाव नागपूरचं होतं. ‘नागपुरी संत्रा’ हे भौगोलिक मानांकनही २०१४ मध्ये त्याच नावाने मिळालं. वरुड-मोर्शीचा बागायतदार यावर काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून ऐकावं. अमरावती जिल्ह्यातले वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे तालुके म्हणजे संत्र्याचा गाभा. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ हे बिरूद वरुडकडे आहे. तेव्हा सांग्रियासाठी वऱ्हाडाइतकी सोयीची जागा नाही, असं वाटणं साहजिक आहे. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण वेळेची. संत्र्याचे इथे दोन बहार: आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळं दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फुलं पावसाच्या तोंडाशी, फळं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे उन्हाळा खरा पेटतो तेव्हा बागेत संत्रा नसतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत काय तो मेळ जमतो. मे महिन्यात हाती राहते मोसंबी, आणि टरबूज, खरबूज, आंबा.

दुसरी अडचण रसायनाची, आणि ती अधिक गमतीची आहे. स्पॅनिश कृतींत हमखास लिहिलेलं असतं की फळांच्या चकत्या वाइनमध्ये रात्रभर मुरू द्या. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हा सल्ला पाळला तर सकाळी भांड्यात कडूझार काढा तयार असतो. संत्र्याच्या फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नसतो. फळ अखंड आहे तोवर तो शांत असतो. पण फोड चिरली, रस काढला, की तो फळातल्या आम्लाच्या संपर्कात येतो आणि काही तासांत त्याचं लिमोनिन बनतं. लिमोनिन अत्यंत कडू. अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला रस कडू होतो याचं हेच कारण, आणि विदर्भात संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. वाइन स्वतः आम्लधर्मी असल्याने तिच्यात बुडवलेल्या फोडीत हेच घडतं. जगभर डबाबंद रसासाठी वापरतात त्या ‘व्हॅलेन्सिया’ जातीत हा दोष कमी आहे. ही जात मात्र व्हॅलेन्सियाची नव्हे; एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात ती वाढली आणि नाव तेवढं स्पॅनिश शहराचं घेतलं. विदर्भाच्या कॅलिफोर्नियाला खऱ्या कॅलिफोर्नियाकडून शिकण्यासारखं काही असेल तर ते हे.

यातून वाट सोपी आहे. रस आणि साल वेगळी धरायची. सुगंध सालीत असतो, सालीवरच्या बारीक तेलाच्या पुटकुळ्यांत. साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली की ठिणग्या उडतात ते हेच तेल. नागपुरी संत्र्याची साल सैल, आतला पांढरा भाग अगदी पातळ, त्यामुळे तेल मिळवायला हे फळ फार चांगलं. मार्च संपत आला की आठ-दहा संत्र्यांच्या साली घ्याव्यात, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा, सालींच्या बारीक पट्ट्या कराव्यात आणि त्यांच्या वजनाइतकी साखर चोळून झाकून ठेवाव्यात. साखर सालीतलं पाणी आणि तेल ओढून घेते. अर्ध्या दिवसात तळाशी दाट, सोनेरी पाक जमतो. तो गाळून, थोडं लिंबू पिळून, बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर पुढच्या काही आठवड्यांत बाग रिकामी झाल्यावरही वरुडचा वास हाताशी राहतो. मे महिन्यात रस मोसंबीचा घ्यावा, आयत्या वेळी काढून, बिया गाळून. सुगंध या पाकाचा. मुरवायचंच असेल तर सफरचंदाचे तुकडे मुरवावेत, किंवा कडक, नुकताच पाडाला आलेला आंबा. पिकलेला आंबा वाइन गढूळ करतो आणि टरबूज ती पांचट करतं. टरबुजाचे तुकडे बर्फासारखे गोठवून शेवटी घातले तर मात्र छान लागतात.

लिंबाची चिंता नको. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात वाडेगावचा पट्टा कागदी लिंबासाठी प्रसिद्ध आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लिंबाचे वाणही दिले आहेत; त्यातलं ‘चक्रधर’ बिनकाट्याचं आणि बिनबियांचं. भाव उन्हाळ्यात चढतो, तो मात्र सोसावा लागतो.

आता वाइन. महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ म्हणजे जिथे वाइन सोडून सगळं खपतं ते दुकान. वऱ्हाडातल्या दुकानात वाइनच्या बाटल्या बहुधा वरच्या फळीवर धूळ खात उभ्या असतात, आणि यातच खरी गोम आहे. वाइन मुकाट्याने सोसणारी वस्तू नाही. २५ अंशांच्या वर ती झपाट्याने म्हातारी होते. उन्हाळाभर ४० अंशांत राहिलेल्या बाटलीतला फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या मुरंब्याची चव येते, कधी बूच वर सरकलेलं दिसतं. म्हणून दुकानात एसी आहे का ते पाहावं, फ्रीजमधली बाटली मागावी, काचेशेजारची उन्हातली घेऊ नये. बिअर शॉपीतही वाइन मिळते, आणि तिथे निदान फ्रीज चालू असतो. फळं आणि साखर वाइनचे लहानसहान दोष झाकतात हे खरं, पण शिर्का झालेल्या वाइनला सांग्रिया वाचवू शकत नाही.

बाटली नाशिकची चालेल, नव्हे, तीच घ्यावी. राज्यात १९८० च्या दशकात नारायणगावला शाम चौगुले यांनी फेसाळ वाइन काढून सुरुवात केली, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला उभी केली, आणि २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने राज्याने या धंद्याला करसवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात काढतात, स्पेनमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात नव्या हंगामाच्या हलक्या वाइन्स नुकत्या बाजारात येऊ लागलेल्या असतात. त्याच घ्याव्यात. लाकडी पिंपात मुरवलेली महागडी शिराझ इथे कामाची नाही, आणि ती यात ओतणं पैशाचीही नासाडी. कारण थंडाव्यात तुरटपणा आणि कडूपणा जिभेला जास्त टोचतो आणि गोडवा कमी जाणवतो. पिंपातल्या वाइनमधलं टॅनिन बर्फात बोचरं होतं. स्पेनच्या तेम्प्रानियो द्राक्षाची वाइन दिंडोरीच्या चारोसाने काढलेली आहे, हौस असेल तर ती शोधावी. नसेल तर कुठलीही हलकी रेड. शेनें ब्लांसारखी पांढरी घेतली तर मोसंबी अधिक खुलते. गोव्याकडची गोड ‘पोर्ट’ वऱ्हाडात सर्रास मिळते. तीही चालते, फक्त मग पाक निम्म्याने कमी करायचा.

दहा माणसांच्या बैठकीचं प्रमाण असं: वाइनच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, मोसंबीचा ताजा रस अर्धा लिटर, चार-पाच लिंबांचा रस, सालीचा पाक दीडशे मिलिलिटर, आणि गार सोडा एक लिटर. बर्फ वितळला की सगळं मिळून साधारण पावणेचार लिटर होतं आणि ताकद ५ टक्क्यांवर येते. वाग्भटाचं ‘भरपूर’ ते हेच असावं. माणशी दोन ग्लास झाले की भांडं रिकामं झालं पाहिजे, आणि पुन्हा भरायचं नाही.

साखर थेट गार वाइनमध्ये टाकू नये. ती तळाशी बसते, शेवटच्या माणसाच्या ग्लासात जाते. म्हणून पाक. गोडी गार झाल्यावर चाखून ठरवावी, कोमट असताना नाही. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्यावं. तांब्या-पितळेचं बिनकल्हईचं पातेलं कितीही देखणं दिसलं तरी नको. आंबट द्रव त्यातलं तांबं सोडवून घेतो. माठही नको, माती वाइन पिऊन बसते आणि पुढचे सहा महिने पाण्याला वास येतो. मोसंबीचा रस सोडून बाकीचं मिश्रण दुपारीच फ्रीजमध्ये ठेवावं, रस आणि सोडा मात्र पाहुणे बसल्यावरच. शून्य अंशाच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच ४० अंशांच्या पाण्यात मावतो. कोमट सोडा ओतला की फेस वर येतो आणि पेयात काही उरत नाही.

सोड्याच्या बाबतीत वऱ्हाड स्पेनच्या पुढे आहे, असं माझं मत आहे. तिकडे १९४९ पासून ‘ला कासेरा’ नावाचा गोडसर सोडा या कामासाठी घरोघरी पोचला. आपल्याकडे गोटी सोडा त्याहून जुना. हायरम कॉड या इंग्रजाची ही गोटीची बाटली १८७० च्या दशकातली, मूळ देशात ती कधीच वस्तुसंग्रहालयात गेली आणि आपल्या बसस्टँडवर अजून फुटकन उघडते. लिंबू-मीठवाला नको, साधा घ्यावा. बर्फ घरचा. बाजारातली लादी घ्यावी लागलीच तर रंग पाहावा: खाण्याच्या उपयोगाचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालणं सक्तीचं केलं आहे. निळसर छटा दिसली तर ती लादी फक्त बाटल्या गार करायला.

एवढं सगळं नीट केलं तरी उन्हाची एक बाजू उरते, आणि ती टाळून पुढे जाणं बेजबाबदारपणाचं होईल. अल्कोहोल मेंदूतून सुटणारं एक संप्रेरक दाबतं, जे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगत असतं. परिणामी एरवीपेक्षा अधिक पाणी बाहेर जातं. त्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि माणसाला आपल्याला बरं वाटतंय असं वाटतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उष्णतेच्या लाटेत मद्य टाळा म्हणतं ते याच कारणाने. म्हणून दुपारची बैठक नाहीच. दिवस मावळल्यावर, गच्चीवर पाणी शिंपडून झाल्यावर, प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी किंवा ताक. दिवसभर उन्हात फिरून आलेल्या माणसाच्या हातात आधी मठ्ठा द्यावा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला सांग्रियाचा आग्रह करू नये.

कायद्याचंही भान हवं. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्यानुसार मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. लॉन किंवा मंगल कार्यालयात बैठक असेल तर त्या दिवसापुरता वेगळा. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मान्यता दिली होती, पण त्यावर एवढं वादळ उठलं की बाटली काही फळीवर पोचली नाही. आणि अमरावतीकरांसाठी खास: कौंडण्यपूरला रुक्मिणीचं दर्शन घेऊन वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा सुरू होतो. गाडीच्या डिकीत उरलेली बाटली असेल तर ती गोष्ट गमतीची राहत नाही.

शिवाय हा मुलूख गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात दारूवर तुटून पडत. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून तुकडोजींनीही तेच सांगितलं. त्या कीर्तनांना त्या काळच्या भट्टीच्या दारूने उघड्यावर पडलेल्या घरांचा संदर्भ होता. इथल्या असंख्य घरांत त्यामुळे वाग्भटाचा पहिला पर्यायच चालतो, आणि दहा जणांच्या बैठकीत तीन-चार जण तरी न पिणारे असतात. त्यांच्यापुढे कोलाची बाटली आणून आदळणं हा पाहुणचार नव्हे.

त्यांच्यासाठीही वाग्भटाकडेच जावं. मद्याबद्दल सावध करणाऱ्या त्याच अध्यायात तो ग्रीष्मासाठी ‘पंचसार’ नावाचं पानक सुचवतो. टीकाकारांनी त्याचे घटक दिले आहेत: द्राक्षं, मोहाची फुलं, खजूर, शिवणीची फळं आणि फालसा, सगळं समभाग, पाण्यात कुस्करून गाळलेलं, गार केलेलं, कापराचा वास दिलेलं. ते ठेवायचं नव्या मातीच्या भांड्यात, त्यात केळ्या-फणसाचे तुकडे सोडायचे, किंचित आंबट करायचं आणि मातीच्याच पेल्यांतून प्यायचं. द्राक्षं आहेत, फळांचे तुकडे आहेत, आंबटगोड तोल आहे, गार भांडं आहे. स्पेनमध्ये वाइनभोवती जे जमवतात ते सगळं इथे वाइनशिवाय जमलेलं आहे, हजाराहून अधिक वर्षं आधी.

वऱ्हाडात हे आजही करता येतं. मोहाची फुलं मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडतात. कोरकू बाया ती वेचून वाळवतात आणि आठवडी बाजारात ती मिळतात. शिवणीची पिवळी फळंही त्याच जंगलातली, मेच्या शेवटी. ती नाही मिळाली तर चार घटकांवर भागवावं, फालसा नसेल तर आंबटपणा लिंबाने आणावा. काळ्या मनुका, बी काढलेला खजूर आणि नीट धुतलेली, केसर झाडून टाकलेली मोहफुलं, प्रत्येकी एक वाटी, दोन लिटर पाण्यात चार तास भिजवून हाताने कुस्करायची आणि फडक्यातून दोनदा गाळायची. साखरेची गरज पडत नाही. रंग फिकट तपकिरी येतो. तो गडद आणि चव वाइनकडे झुकणारी हवी असेल तर कपभर गार कोरा चहा मिसळावा, त्यातलं टॅनिन रेड वाइनचा तुरटपणा हुबेहूब आणतं. कापूर खाण्याचाच, तोही मोहरीएवढा, किंवा वाळ्याची जुडी तासभर बुडवून ठेवली तरी पुरे. यासाठी मात्र माठ हवा, कोरा असेल तर उत्तम, आणि कूलरच्या वाऱ्यात ठेवलेला.

फक्त हे त्याच दिवशी संपवावं. मोहाच्या फुलात साखर भरपूर आणि तिच्यावर रानातलं यीस्ट आयतंच बसलेलं असतं. अकोल्याच्या मे महिन्यात माठ रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी कडेने बारीक बुडबुडे दिसू लागतात, आणि दुपारपर्यंत न पिणाऱ्यांचं पेय परवाना लागणाऱ्या पेयांत जमा झालेलं असतं.